झाकण मिटू नकोस

प्रिय लिस्मारी,

बाकीचं पत्र नंतर वाच, आधी एवढं ऐक. लॅपटॉप जसा उघडा आलाय तसाच राहू दे. झाकण मिटायला जाऊ नकोस. मागेपुढे करून बघू नकोस. तुझ्या आईला पुसायला तर मुळीच देऊ नकोस, कारण पुसून झालं की ती प्रत्येक वस्तू मिटून ठेवते. हे पत्र मुद्दाम कीबोर्डवर ठेवलंय, म्हणजे तुझा हात आधी कागदाला लागेल. लॅपटॉप चालतोय. मी चारदा चालू करून बघितला. तुझे खाऱ्या जमिनीचे नकाशे उघडतात, कॅमेऱ्यात माणूस दिसतो, आवाज जातो. उद्या, गुरुवारी, अकरा वाजता मेक्सिकोची ती मंडळी तुला बघतील आणि तू त्यांना बघशील. फक्त बिजागरी हलणार नाही. आता कधीच हलणार नाही. झाकणावर जोर दिलास तर बिजागरीच्या आधी पडदा जाईल, आणि पडद्याबरोबर तुझी मुलाखत, शिष्यवृत्ती, दोन वर्षं भाताच्या चिखलात अनवाणी फिरून गोळा केलेली ती सगळी माती, सगळंच जाईल. कळलं ना? आता खाली बस आणि वाच.

उजव्या कोपऱ्यात गुलाबी दिसतंय ना, त्याला तू हसणार आहेस. हस. ती हिरडी आहे. खरंच सांगतो. माझी आई पॉलिक्लिनिकमध्ये कवळ्यांना वापरते ती गुलाबी भुकटी आणि तो डोळ्यांत पाणी आणणारा द्रव, तेच आहे ते. बायामोतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात जे आहे तेच आता तुझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात आहे. आमच्या घरात मोडलेलं सगळं त्यानंच जोडलं जातं हे तुला माहीतच आहे. पंख्याचं पातं, बादलीचा कान, माझ्या चपलेचा अंगठा. तू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलीस तेव्हा प्रेशर कुकरची गुलाबी मूठ बघून विचारलं होतंस, "मावशी, हा कुकर चावतो का?" आई तीन दिवस त्यावर हसत होती. ती तेव्हापासूनच तुझ्या बाजूची. माझ्या बाजूला या घरात कुणीच नसतं, आणि आज पहिल्यांदा वाटतंय की बरोबरच आहे ते.

मागच्या मंगळवारी तू तो उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळून आणलास, दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि म्हणालीस, "यरांदी, तुझ्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही हं मी." हे वाक्य मी आठवडाभर गिळतोय, खाली उतरत नाही. मी तो तसाच उबाल्दो मास्तरांच्या टेबलावर नेला. तू त्यांना लांबूनच बघितलंयस. मोठ्या रस्त्यावर, बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानाच्या दारात ते बसतात, छत्र्या, लायटर, चष्मे असलं सगळं दुरुस्त करतात. मी शेतकी इंजिनियरिंगचं कॉलेज सोडलं तेव्हा त्यांनीच मला स्टूल दिलं. मला ते पाऊण इंजिनियर म्हणतात. "चार वर्षांतली तीन शिकलास आणि पळालास, म्हणजे पाऊणच की रे!" गिऱ्हाइकांसमोर म्हणतात. मला राग येतो, पण खोटं तर नाही.

आम्ही खालचे स्क्रू काढून तो उघडला. बिजागरीचं लोखंड धडधाकट होतं. लोखंड मोडतच नाही गं, ते ज्याला धरून असतं ते उखडतं. आत प्लॅस्टिकचे चार बारीक खांब असतात, त्यांच्या पोटात पितळेच्या इवल्या नळ्या, त्यांत स्क्रू बसतात. उजव्या बाजूचे दोन खांब मुळापासून उपटले होते, डावीकडचा एक तडकला होता. मास्तरांनी झटकन चिकटणारा गोंद आणि खायचा सोडा काढला. सोड्याची चिमूट, वर गोंदाचा थेंब, की दगड होतो. एक बाई तिची छत्री घ्यायला आली होती, माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, माझ्या काड्या राहू देत आज. आधी या पोराचं काम करा. त्याच्या तोंडावरून कळतंय कुणाचं आहे ते." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी झाकण दोनदा उघडलं आणि तिसऱ्यांदा तो दगड कट्ट करून सुटला.

तो आवाज ऐकून मला घाम फुटला. का ते पुढे सांगतो. आताच सांगायला हवं खरं तर, पण मला जरा वळसा घालून येऊ दे. माझ्यात सरळ यायची हिंमत असती तर हा आठवडा असा गेलाच नसता.

तू म्हणायचीस की माझे हात आधी पोचतात आणि मी मागून येतो. रासायनिक खतांच्या त्या तासाला आठवतं? सरांनी माझा पेपर सगळ्यांसमोर वर धरून म्हटलं, "हे बघा, ह्यांचं उत्तर पहिल्या ओळीत ओरडतं आणि दुसऱ्या ओळीत दमतं." मी उठलो, त्यांच्या हातातून पेपर ओढला, चार तुकडे केले, दार आपटून बाहेर. तू मागून धावत आलीस. घोडागाडीच्या थांब्यावर मला गाठलंस, हातात मऊ रोस्का, ते पावाचं कडं, कोंबलास आणि म्हणालीस, "आधी खा. रिकाम्या पोटी घेतलेला निर्णय मी मानत नाही." मी खाल्ला, आणि तरी परत गेलो नाही. तू गेलीस. तुझं बरोबर होतं. त्यानंतर दीड वर्ष तू दर शनिवारी मला तुझ्या वहीतलं शिकवायचीस, जसा काही मी परत परीक्षेला बसणारच आहे. काउतो नदीच्या काठची माती कशी खारट होत जाते ते सांगताना तुझा आवाज खाली यायचा, आजारी माणसाबद्दल बोलावं तसा. मी मातीकडे बघत नव्हतो हे तुला माहीत होतं, तरी तू शिकवत राहायचीस.

शनिवारी सकाळी मास्तरांनी ते भिंग डोळ्याला लावलं, ते घड्याळाचं, आणि मोडलेले खांब पुन्हा बघत बसले. बराच वेळ. मग भिंग न काढता विचारलं, "कशानं मोडलं म्हणालास?" मी म्हटलं, "सांगितलं ना, तिच्या आजोबांची डोलखुर्ची गेली त्याच्यावरून." ते म्हणाले, "हं." मग झाकण उलटं केलं, पाठ बघितली, कडा बघितल्या, त्यांवरून अंगठा फिरवला. "खुर्चीचं लाकूड वरून गेलं असतं तर पाठीला खळगा पडला असता. पडद्याला जाळं झालं असतं. इथं साधा ओरखडा नाही. हे मिटताना मोडलंय. उघडं असताना कुणीतरी वरून धाडकन आपटलंय, दोन्ही हातांनी, आणि उजव्या हाताला जोर जास्त." मग त्यांनी भिंग काढलं आणि माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. त्यात स्क्रूड्रायव्हर होता. "खुर्चीला हात नसतात, इंजिनियर," म्हणाले. पाऊणसुद्धा म्हटलं नाही.

मी काय केलं असेन ते तू ओळखलंसच. स्क्रूड्रायव्हर टेबलावर फेकला. "म्हाताऱ्या, तू छत्र्या शिव," म्हणालो. ज्या माणसानं मला स्टूल दिलं त्याला. लॅपटॉपचे दोन्ही भाग अभ्र्यात भरले आणि तणतणत घरी आलो. रस्त्यात एकही दार सापडलं नाही आपटायला.

रविवार सगळा दोन्ही भाग समोर ठेवून नुसता बसून राहिलो. सोमवारी आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर कवळ्यांचे साचे वाळत घातले होते, लोकांचे प्लॅस्टरचे जबडे, सहा-सात. मी त्यांच्यातच जागा केली. आई कांदा चिरत होती. तिनं नुसतं बघितलं आणि म्हणाली, "धातूला आधी व्हॅसलिन लाव, नाहीतर द्रव सरपटत आत जाईल. आणि ओतायच्या आधी उघडून मिटून बघ. मी कवळी बसवते तेव्हा आधी माणसाला चावायला लावते, मग पुढचं करते. तू उलट करतोयस." मी काय म्हणालो? "आई, तू तुझे दात बघ." भुकटी भिजवली, खांब होते तिथं भरली, नळ्या दाबून बसवल्या, स्क्रू पिळले, झाकण एका जबड्याला टेकवून उभं केलं. व्हॅसलिनची डबी समोर होती. हातभरावर होती, लिस्मारी! पण माझ्या डोक्यात मास्तरांचं ते वाक्य वाजत होतं, आणि मला फक्त हवं होतं की हे जुळावं, पटकन जुळावं, म्हणजे ते कसं मोडलं याला अर्थ उरणार नाही.

ते मिश्रण घट्ट होताना तापतं. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा मी कोपऱ्याला हात लावून बसलो होतो. अर्ध्या तासानं थंड झालं. दगड, अगदी दगड. मी खुशीत झाकण अलगद ढकललं. हललं नाही. जरा जास्त ढकललं, तर पडद्याच्या कडेला एक बारीकसं कुरकुर झालं. द्रव बिजागरीच्या सांध्यात शिरून तिथंच घट्ट झाला होता. मी सुई घेतली, चाकू घेतला, आणि आईनं सुरी ठेवली, ओले हात झग्याला पुसले आणि लॅपटॉप माझ्यासमोरून उचलून फळीवर ठेवला. "बास," म्हणाली. "आता ते तोंड असंच उघडं राहणार. माणूस असता तर मी त्याची माफी मागितली असती." काल तिनं तो पॉलिक्लिनिकमध्ये नेऊन पूर्ण चार्ज करून आणला, कारण तिथली लाइट जात नाही. उद्या तुमच्याकडे गेली तरी चार तास चालेल.

आता वळसा संपला.

आजोबांच्या खुर्चीनं काही मोडलं नाही. मी मोडलं.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी दुपारी तू आत कॉफी गाळत होतीस. तुझी आई शेजारी गेली होती, नार्सिसो आजोबा रोस्का आणायला. तूच मला म्हणालीस, "जरा बघ ना, नकाशा इतका हळू का उघडतो." मी बघत होतो. शपथ घेतो, मी काही शोधत नव्हतो. कोपऱ्यात निरोप आला, मी तो उघडला. ती मात्र माझी चूक. मेक्सिकोचं विद्यापीठ, पहिल्या फेरीत निवड, मुलाखतीची तारीख. त्याच्याखाली तुम्ही एकमेकांना लिहिलेलं सगळं, तीन आठवड्यांचं. त्या तीन आठवड्यांत आपण दोनदा नदीवर गेलो होतो. आणि त्यांनी विचारलं होतं की निघायला अडचण आहे का, तर तू लिहिलं होतंस, "माझ्यावर इथे कुठलंही बंधन नाही. मी लगेच निघू शकते."

कुठलंही बंधन नाही. तीन वर्षं, लिस्मारी. मला तेव्हा एवढंच दिसलं. नवरा, मुलं, नोकरीचा करार याबद्दलचा तो प्रश्न होता, सगळ्यांना विचारतात तसला, हे मला आज कळतं. तेव्हा ते वाक्य माझ्या तोंडावर मारल्यासारखं बसलं आणि माझे हात पुढे गेले. दोन्ही. आवाज झाला, वाळका पाव मोडावा तसा. आणि त्याच क्षणी तू आतून विचारलंस, "साखर किती?" मी म्हणालो, "दोन."

मी दोन म्हणालो. मग लॅपटॉप उचलला आणि जिथे तू नेहमी चार्जिंगला लावतेस तिथे, डोलखुर्चीच्या उजव्या पायाशी, जमिनीवर ठेवला. वायर लावली. मी काही कट केला नव्हता. मला फक्त तो माझ्या हातांपासून लांब हवा होता. पण आजोबा उन्हातून आत आले, डोळ्यांपुढे अंधारी असणार त्यांच्या, खुर्चीत टेकले, दोनदा डोलले आणि लाकूड लॅपटॉपच्या कडेला लागलं. लागलं म्हणजे शिवलं फक्त. ते वाकले, त्यांनी तो उचलला, आणि झाकण त्यांच्या हातात लोंबकळलं. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तू कॉफी घेऊन दारात होतीस, तुलाही दिसत होता. "काय केलं गं मी, पोरी?" असं म्हणाले ते. तुझी आई शेजारून धावत आली, "बाबा, हजारदा सांगितलं, खाली बघून बसा! पोरीचं आयुष्य आहे त्यात!" आणि मी कपातलं ढवळत म्हणालो, "असू द्या आजोबा. मी देतो करून." त्यांनी माझा हात, हाच उजवा, दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुझ्यासारखा मुलगा लाखात एक." साखर विरघळली होती तरी मी ढवळतच होतो.

मंगळवारी तू लॅपटॉप द्यायला आलीस तेव्हा मेक्सिकोचं सांगितलंस. रडलीस. "लपवायला नको होतं रे, मला धीर होत नव्हता," म्हणालीस. मी नवलानं भुवया उंचावल्या. नाटकात शोभलो असतो मी! आणि मग तुला माफ केलं. तू माझे आभार मानलेस. या सगळ्यातलं सगळ्यात घाणेरडं काय असं कुणी विचारलं, तर मी आपटलेलं झाकण सांगणार नाही, हे सांगेन.

आणि आजोबा. परवा मी तुमच्या दारावरून दोनदा गेलो, आत आलो नाही. त्यांनी डोलखुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. रिकामी खुर्ची वाऱ्यानं डोलू नये म्हणून तसं ठेवतात, हे मला माहीत आहे, घरात कुणी गेलं की ठेवतात. ते स्वयंपाकघरातल्या ताठ पाठीच्या खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, पाय जुळवून, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. जो माणूस त्या खुर्चीत झोपतो, जेवतो, रेडिओशी भांडतो, तो. मला बघून त्यांनी हाक मारली, "काय म्हणतोय आमचा रुग्ण, डॉक्टर?" मी म्हणालो, "सुधारतोय." आणि चालता झालो.

आता आजचं. हे लिहायचं नव्हतं, पण अर्धं खरं सांगून माझं भागत नाही. आज सकाळी आई कामावर गेली. लॅपटॉप फळीवरून खाली काढून मी टेबलावर ठेवला, जबड्यांच्या मध्ये, आणि समोर बसलो. मग झाकणाच्या वरच्या कडेवर हात ठेवला. किती जोर लागला असता? तुझ्या गालावर ठेवतो तेवढा, त्याहून थोडा जास्त. आणि कुणालाही कधी कळलं नसतं. दोष आजोबांनी आधीच घेतलाय. मी तर जिवापाड प्रयत्न केला, सगळ्या रस्त्यानं बघितलं. उद्या अकरा वाजले असते, वाजून गेले असते, तू रडली असतीस माझ्या खांद्यावर, आणि राहिली असतीस. इथेच. शनिवारी वही घेऊन आली असतीस. मी सगळं नीट मांडलं मनात, पायरी पायरीनं, आयुष्यात पहिल्यांदा काही न ओरडता विचार केला, आणि तो हा. हात तसाच होता. किती वेळ ते सांगता येणार नाही. कॉफी ठेवली होती ती उतू जाऊन चूल विझली.

दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली, तोंडाचं बोळकं. "बाळा, माझे दात झाले का? कर्मिता म्हणाली होती बुधवारी ये." आईच्या गिऱ्हाइकांना घरी यायची सवय आहे. मी म्हटलं, आई दोनला येईल. ती आत येऊन बसली सुद्धा. टेबलाकडे बघून म्हणाली, "यातला माझा कुठला?" आणि मग लॅपटॉपचा गुलाबी कोपरा दिसला तिला. "अगं बाई, यालाही हिरड्या? मिटतं का हे?" मी म्हटलं, "नाही आजी. हे मिटत नाही." ती म्हणाली, "मग बरंय याचं. माझं उघडत नाही, लाज वाटते. नातीच्या लग्नात तीन तास तोंड मिटून बसले रे." आणि हसली, हात तोंडापुढे धरून. मी माझा हात काढून घेतला. तिच्यासाठी नवी कॉफी केली. आई येईपर्यंत ती नातीचं लग्न सांगत होती, कुणी काय घातलं, कोण किती नाचलं, आणि मी ऐकत होतो, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. खरंच दाबून.

म्हणून लॅपटॉप मी आणत नाहीये. माझी आई आणतेय. चारला निघेल. अभ्र्यात तो मावत नाही आता, पिशवीत जात नाही, म्हणून ती तो केक नेतात तसा नेणार आहे, उघडा, दोन्ही तळहातांवर. घोडागाडीत लोक सरकून जागा देतील, कुणीतरी नक्की विचारेल, कुणाचा वाढदिवस. तिला मी सगळं सांगितलंय, मघाशीच, म्हातारी दात घेऊन गेल्यावर. ती फक्त म्हणाली, "पत्र लिही. मी तुझ्यासाठी तोंड उघडणार नाही तिथं." आणि वेण्या घालायला गेली, चर्चला जाताना घालते तशा.

या पत्रात 'जाऊ नकोस' असं मी सात ठिकाणी लिहिलं आणि खोडलं. खाडाखोड दिसतेय ती तीच, दुसरं काही नाही. उजेडाकडे धरून वाचू नकोस. मी विनवणी केली तर ती झाकणावर ठेवलेला हातच होईल पुन्हा, फक्त शाईचा. उद्या अकराला मी मास्तरांच्या दारात असेन, त्यांनी स्टूल दिलं तर स्टुलावर, नाही तर पायरीवर, छत्री शिवत. तुला बोलायला सुचेना झालं तर त्या मेक्सिकोच्या मंडळींना मातीबद्दल सांग, मला सांगायचीस तसं, आवाज खाली आणून. ते ऐकून घेतील. ऐकून घेणार नाहीत असा माणूस मला माहीत नाही. मी वेडा होईन गं तुझ्याशिवाय, हे आठवं, आणि हे खोडायला आता वेळ नाही, आई चपला घालतेय.

झाकण मिटू नकोस एवढं तर आईनं तोंडीही सांगितलं असतं. त्याला चार पानं लागत नाहीत. पत्र दुसऱ्याच कुणासाठी आहे. तुझी मुलाखत संपली की, मग ती कशीही होऊ दे, डोलखुर्ची भिंतीपासून फिरव. नार्सिसो आजोबांना हाताला धरून तिच्यात बसव. ऐकणार नाहीत, बसव. रेडिओ बंद कर, तुझ्या आईलाही तिथे बोलाव, आणि हे मोठ्यानं वाच. नदीवरचं गाळ हवं तर, माझं रडगाणं गाळ, पण रविवारचं गाळू नकोस, साखरेसकट वाच. वाचणं जमलं नाही तर एवढंच सांग त्यांना: आजोबा, खुर्चीला हात नसतात. हात यरांदीचे होते.

तुझाच, तुला नको असलो तरी,
यरांदी